धनकोंची रेषा

२०२२ च्या पावसाळ्यात अमेरिकी सरकारच्या दोन वर्षे मुदतीच्या रोख्यावरचा परतावा दहा वर्षे मुदतीच्या रोख्याच्या वर गेला आणि वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर एकच गलका उठला. यील्ड कर्व्ह उलटला, आता अमेरिकेत मंदी येणार, पाठोपाठ आपल्याकडेही तिची झळ पोचणार. ही उलटी रेषा सप्टेंबर २०२४ पर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ, उलटीच राहिली. इतका काळ ती याआधी कधी उलटी राहिली नव्हती. मंदी मात्र आली नाही. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी अमेरिकेचे उत्पन्न अडीच टक्क्यांहून अधिक वेगाने वाढले.

अर्थशास्त्र मी महाविद्यालयात शिकलेलो नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईतले चलन, हुंड्या आणि कर्जव्यवहार यांचा इतिहास हा माझा अनेक वर्षांचा नाद. त्यामुळे असा काही प्रश्न पुढे आला की उद्या काय होईल याच्या मागे न लागता मी मागे मागे जाऊ लागतो. कर्जावरच्या व्याजाच्या रेषेत भविष्य दिसते असे पहिल्यांदा कोणाला वाटले? त्याने ते कशावरून ठरवले? हा माग काढत गेलो तेव्हा शेवटी अमेरिकेत नव्हे, तर रुपयापाशी येऊन पोचलो, आणि तेही फोर्टातल्या टांकसाळीच्या दारात.

ती हकिगत सांगण्याआधी थोडी उजळणी लागेल. ज्यांना रोख्यांचे गणित ठाऊक आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद वगळले तरी चालतील.

सरकार १०० रुपयांचा रोखा काढते आणि त्यावर वर्षाला ७ रुपये व्याज देते. हे ७ रुपये मुदतभर ठरलेले. पण तो रोखा बाजारात विकता येतो, आणि त्याची किंमत रोज बदलते. समजा तो ९० रुपयांना मिळू लागला. आता घेणाऱ्याला ९० रुपयांवर ७ रुपये मिळतात, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या थोडे वर. शिवाय मुदतीअखेर पूर्ण १०० हातात पडतात ते वेगळेच. घेणाऱ्याला सगळा हिशेब धरून जो दर पडतो तो परतावा. किंमत उतरली की परतावा चढतो, किंमत चढली की परतावा उतरतो. आता एकाच सरकारचे तीन महिन्यांचे, वर्षाचे, पाच वर्षांचे, तीस वर्षांचे रोखे एका ओळीत मांडले, प्रत्येकाचा आजचा परतावा त्याच्या मुदतीवर टिंबाने दाखवला आणि ती टिंबे जोडली, तर जी रेषा मिळते तिला यील्ड कर्व्ह म्हणतात. मराठीत परतावा-वक्र असा शब्द आहे, पण मी साधे ‘रेषा’ म्हणणार आहे.

ही रेषा एरवी चढती असते. दर्शनी हुंडी आणि मुदती हुंडी यांत आपल्या पेढीवाल्यांनी जो फरक केला होता तोच इथे आहे: पैसे जितके लांब अडकणार तितका मोबदला जास्त. पण त्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते. समजा आज एक वर्षाचा दर ७ टक्के आहे आणि पुढच्या वर्षी तो ५ वर येईल अशी बाजाराची खात्री आहे. मग दोन वर्षांसाठी पैसे देणारा ६ च्या आसपास कबूल होईल, कारण दोनदा एकेक वर्ष दिले तरी त्याच्या पदरी तेवढेच पडणार. रेषा उतरती झाली. म्हणजे उतरत्या रेषेचा अर्थ इतकाच, की धनकोंना पुढे व्याज उतरेल असे वाटते. आणि व्याज सहसा कधी उतरते? धंदा मंदावतो, कर्ज मागायला कोणी येत नाही आणि मध्यवर्ती बँक दर खाली आणते तेव्हा. उलट्या रेषेतून मंदी वाचण्यामागचे सगळे तर्कशास्त्र हे एवढेच आहे.

आता रुपयाकडे.

कंपनी सरकारच्या काळापासून हिंदुस्थान सरकार दोन प्रकारची कर्जे काढत असे. एक इथे, रुपयांत. दुसरे लंडनमध्ये, पौंडांत. रुपयांतल्या कर्जाचे कागद, म्हणजे सरकारी प्रॉमिसरी नोटा, लंडनच्या बाजारातही विकल्या जात आणि तिथे त्यांना रुपी पेपर म्हणत. दोन्हींचा ऋणको एकच, जामीन एकच, बाजारही एकच. फरक एवढाच, की एकाचे व्याज सोन्यात मिळणार आणि दुसऱ्याचे चांदीत, कारण १८९३ पर्यंत आपला रुपया म्हणजे चांदी. कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावे आणि ठरलेली मजुरी देऊन रुपये पाडून घ्यावेत.

१८७० नंतर युरोपातले देश एकामागून एक सोन्याच्या चलनाकडे वळले आणि चांदी घसरू लागली. १८७१ च्या सुमारास रुपयाला जवळजवळ २ शिलिंग, म्हणजे २४ पेन्स मिळत. १८९२-९३ मध्ये १५ च्या आसपास. सरकारला लंडनमधला खर्च पौंडांत भागवायचा असल्याने दर पेन्साच्या घसरणीबरोबर रयतेच्या करातून जास्त रुपये जात. अखेर २६ जून १८९३ रोजी दोन्ही टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या. डॉ. आंबेडकरांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात या सगळ्या प्रकरणाचा जो मागोवा घेतला आहे, तो मराठी वाचकांच्या नजरेखालून निदान एकदा तरी जावा असा आहे.

येल विद्यापीठातला एक तरुण गणिती, अर्व्हिंग फिशर, १८९६ मध्ये ‘अप्रीसिएशन अँड इंटरेस्ट’ नावाचा निबंध प्रसिद्ध करतो. त्याला सिद्ध करायचे होते ते असे: एखाद्या चलनाची किंमत घसरणार अशी धनकोंची अटकळ असेल तर ते त्या चलनातल्या कर्जावर तितके जास्त व्याज मागतील. हे तपासायचे तर एकच ऋणको, एकच बाजार आणि दोन चलने हवीत. अशी जोडी जगात फार थोड्या ठिकाणी होती, आणि त्यांतली एक म्हणजे हिंदुस्थान सरकारचे रोखे. फिशरने दोन्हींचे लंडनमधले भाव घेतले, वर्षावार परतावे काढले आणि शेजारी शेजारी मांडले. १८७५ च्या आधी दोन्हींतले अंतर अगदी किरकोळ. रुपया घसरू लागल्यावर चांदीच्या कागदावरचा परतावा सोन्याच्या कागदाच्या वर वर जात राहतो. घसरण तीव्र झाली तेव्हा एका वर्षी हे अंतर टक्क्याच्या आसपास गेले. पुढे रुपया १ शिलिंग ४ पेन्सांवर स्थिरावल्यावर ते पुन्हा आटले.

एशियाटिकच्या इमारतीत बसून हा तक्ता मी वहीत उतरवला तेव्हा खिडकीबाहेर टांकसाळ होती. रुपया पडणार हे लंडनच्या भांडवलदारांनी कोठल्याही सरकारी जाहीरनाम्यात लिहिले नव्हते. ते त्यांच्या कागदाच्या भावात लिहिलेले होते. त्याच निबंधात फिशरने हीच नजर मुदतीकडेही वळवली: लांबच्या मुदतीचा दर म्हणजे येऊ घातलेल्या छोट्या मुदतीच्या दरांची एक प्रकारची सरासरी. आजचे रेषावाचन इथून सुरू होते.

याच तक्त्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि फिशरची कीर्ती गाताना तिचा उल्लेख सहसा होत नाही. धनकोंनी दिशा ओळखली, पण किती ते ओळखले नाही. जास्त मिळालेल्या व्याजाने रुपयाची घसरण भरून निघाली नाही. रुपी पेपर धरून बसलेले एकूण तोट्यातच गेले. फिशरने स्वतः हे नोंदवून ठेवले होते. तरी त्यालाही पुढे याची किंमत मोजावी लागली. ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअरबाजार आता कायमच्या उंच पठारावर पोचला आहे असे तो म्हणाला, आणि नंतरच्या कोसळण्यात त्याची संपत्ती धुऊन निघाली. त्या वर्षी रेषा कशी होती? डेव्हिड ड्युरँड या संशोधकाने १९४२ मध्ये १९०० पासूनच्या उत्तम प्रतीच्या कंपनी-रोख्यांच्या रेषा वर्षवार काढून प्रसिद्ध केल्या. त्यांत १९२० ची आणि १९२९ ची रेषा स्पष्ट उतरती आहे. दोन्ही वर्षांत मंदी सुरू झाली. ज्याने ही लिपी वाचायची रीत घालून दिली, त्याच्याच डोळ्यांसमोर ती लिहिली जात होती.

ड्युरँडचे पुस्तक आले त्याच साली अमेरिकेने ही लिपी पुसून टाकली.

महायुद्धासाठी अफाट कर्ज हवे होते आणि ते स्वस्त हवे होते. एप्रिल १९४२ पासून फेडरल रिझर्व्हने तीन महिन्यांच्या ट्रेझरी बिलाचा दर ३/८ टक्क्यावर बांधला. सर्वांत लांब मुदतीच्या सरकारी रोख्याची कमाल मर्यादा अडीच टक्के. यापेक्षा जास्त परताव्याला कोणी कागद विकायला काढला तर तो फेड स्वतः विकत घेणार. रेषा आता बाजार काढत नव्हता, ती छापील होती. याचा जो परिणाम झाला तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकवण्याजोगा वाटतो. लांबचा कागद धोक्याचा असतो म्हणून त्यावर जास्त परतावा. पण अडीच टक्क्यांच्या वर परतावा जाऊच देणार नाही, म्हणजे किंमत पडूच देणार नाही, अशी हमी सरकारने दिल्यावर धोका उरला कोठे? मग ३/८ टक्क्याचा कागद जवळ ठेवायचा कशाला? बँकांनी छोट्या मुदतीची बिले फेडच्या गळ्यात घालून लांबचे रोखे घेण्याचा सपाटा लावला, आणि युद्ध संपेपर्यंत बाजारातली बहुतेक बिले फेडच्याच तिजोरीत जाऊन पडली. बिले विकत घ्यायला फेड जो पैसा देत होते तो नवा पैसा होता. युद्धानंतर किमतींवरची नियंत्रणे उठली आणि १९४७ साली महागाई १४ टक्क्यांवर गेली. रेषा मात्र शांतपणे चढती! तिच्याकडे पाहून कोणालाही वाटावे की देश अगदी स्वस्थ आहे.

बिलांचा बांधलेला दर जुलै १९४७ मध्ये सुटला. लांबचा अडीच टक्के सोडायला सरकार तयार नव्हते. कोरियाचे युद्ध सुरू झाल्यावर भांडण विकोपाला गेले. ३१ जानेवारी १९५१ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी फेडच्या सगळ्या समितीला व्हाइट हाउसमध्ये बोलावले आणि नंतर समितीने पाठिंबा दिल्याचे जाहीर करून टाकले. तसे काही ठरलेच नव्हते. माजी अध्यक्ष मॅरिनर एकल्स यांनी त्या बैठकीचे टिपण सरळ वृत्तपत्रांना देऊन टाकले. ४ मार्चला तह झाला आणि रेषा सुटली.

आपल्याकडे याच सुमारास काय चालले होते? रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदी १९४३ पासून चिंतामणराव देशमुख होते. युद्धकाळात हिंदुस्थान सरकारनेही तीन टक्क्यांच्या आसपास कर्जे उभारली, आणि त्या काळात घाऊक किमती दुपटीच्या वर गेल्या होत्या. १९४६ मध्ये साडेतीन टक्क्यांच्या जुन्या, मुदत नसलेल्या सरकारी कागदाचे ‘३ टक्के कन्व्हर्जन लोन १९४६’ मध्ये रूपांतर झाले. त्याची फेड १९८६ मध्ये किंवा त्यानंतर, आणि तीही सरकारच्या सोयीने.

हा कागद कोणाकडे असे? १८८२ च्या न्यास कायद्याने विश्वस्तांना जिथे पैसे गुंतवायची मुभा दिली होती त्यात सरकारी प्रॉमिसरी नोटा अग्रभागी होत्या. म्हणून देवस्थाने, अज्ञान मुलांच्या इस्टेटी, धर्मादाय निधी. कोकणातल्या एका देवस्थानाच्या खतावण्या मला काही वर्षांपूर्वी पाहायला मिळाल्या. दहा हजारांच्या या कागदावर दर सहामाहीला दीडशे रुपये जमा. स्वातंत्र्य आले, भाषावार प्रांत झाले, दुष्काळ येऊन गेला, पानागणिक शाईचा रंग आणि अक्षर बदलले, आकडा दीडशेच. शेजारच्या खर्चाच्या रकान्यात नंदादीपाचे तेल मात्र महागत जाते. पुढे ८ टक्क्यांचा काळ आला तेव्हा मुदत नसलेल्या ३ टक्क्यांच्या १०० रुपयांच्या कागदाची किंमत साध्या भागाकाराने साडेसदतीस रुपये होते. कोणी लुबाडले नाही, कोणी बुडवले नाही, व्याज एकदाही चुकले नाही.

बांधलेल्या रेषेचा खर्च असा भागतो.

सुटलेल्या रेषेकडे परत जाऊ. १९५१ नंतर अमेरिकेत बाजार पुन्हा भाव ठरवू लागला आणि दोन दशकांत लोकांच्या लक्षात येऊ लागले की मंदीच्या आधी रेषा सपाट होते वा उलटते. १९६६ मध्ये ती उलटली आणि मंदी आली नाही. पण १९६९, १९७३, १९८० आणि १९८१ च्या मंद्यांआधी ती उलटली. १९८१ मध्ये फेडचा दर १९-२० टक्क्यांच्या घरात गेला होता आणि दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा सप्टेंबरमध्ये पावणेसोळाच्या आसपास. तीस-तीस वर्षांच्या मुदतीने गृहकर्जे देऊन बसलेल्या आणि स्वतः छोट्या ठेवींवर चालणाऱ्या बचतसंस्थांचे त्यात कंबरडे मोडले. उलटी रेषा नुसता निरोप आणत नाही, ती स्वतःही घाव घालते. बँकेचा धंदाच छोट्या मुदतीने घेऊन लांब मुदतीने देण्याचा. घेण्याचा दर देण्याच्या दरावर गेला की ती हात आखडते.

१९८६ मध्ये शिकागो विद्यापीठात कॅम्बेल हार्वे याने आपल्या प्रबंधात हे पद्धतशीर मांडले: दहा वर्षांचा परतावा आणि तीन महिन्यांचा परतावा यांतला फरक आर्थिक वाढीचा अंदाज देतो. त्याच्या हाताशी दाखला होता फक्त चार मंद्यांचा. चार! इतिहासाच्या अभ्यासकाला चार उदाहरणांवर सिद्धान्त मांडायला कोणी देणार नाही. तरी त्यानंतर १९९०, २००१ आणि २००७ च्या मंद्यांआधीही रेषा उलटली.

शहाण्या माणसांचा तिच्यावर विश्वास बसला नव्हता, हेही सांगायला हवे. २००४ च्या जूनपासून ग्रीनस्पॅन यांनी छोट्या मुदतीचा दर १ टक्क्यावरून पायरीपायरीने वर नेला आणि लांबचे दर चढण्याऐवजी उतरले. फेब्रुवारी २००५ मध्ये त्यांनी याला कोडे म्हटले. आशियातल्या देशांची जादा बचत अमेरिकी रोख्यांत येऊन पडते आहे म्हणून लांबचा दर दबला, अशी मीमांसा बेन बर्नांके यांनी केली आणि मार्च २००६ मध्ये, फेडचे अध्यक्ष म्हणून, सपाट रेषेचा अर्थ मंदी असा आपण लावत नाही असे सांगितले. कारण पटण्याजोगे होते. डिसेंबर २००७ मध्ये मंदी सुरू झाली. २०२२ मध्ये नेमके उलट झाले: या वेळी सगळ्यांनी विश्वास ठेवला आणि रेषा चुकली.

की ती रेषा धनकोंची नव्हतीच? २०२० ते २०२२ या काळात फेडने स्वतः इतके लांब मुदतीचे रोखे विकत घेतले की त्याचा ताळेबंद ९ ट्रिलियन डॉलरच्या जवळ गेला. लांबचे टोक असे दाबलेले असताना महागाईपोटी छोटे टोक झपाट्याने वर नेले. घरमालकांनी आणि मोठ्या कंपन्यांनी तोवर स्वस्त दराने लांबची कर्जे घेऊन ठेवलेली असल्याने त्यांना छोट्या दराची झळ उशिरा लागली. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली ती लांबच्या रोख्यांच्या किमती पडल्यामुळे. म्हणजे रेषेचा घाव बसला, पण सगळीकडे पसरला नाही. हार्वे यांनी स्वतः २०२३ च्या सुरुवातीला, या वेळचा इशारा खोटा निघू शकतो, असे बोलून दाखवले होते. आपल्याच सिद्धान्ताबद्दल एवढे बोलायला धीर लागतो. माझे मत असे, की १९४२ ची छापील रेषा आणि २०२२ ची रेषा यांत फरक आहे तो हात किती घट्ट होता याचा, जातीचा नाही.

मग भारताची रेषा काय सांगते? १९९२ पूर्वी तिला विचारण्यात अर्थच नव्हता. १९५५ च्या व्यवस्थेनुसार केंद्राची शिल्लक ५० कोटींच्या खाली गेली की रिझर्व्ह बँकेकडे तात्पुरती ट्रेझरी बिले आपोआप तयार होत आणि नवा पैसा सरकारच्या खात्यात जाई. १९७४ पासून या बिलांचा दर ४.६ टक्के. तेलाचे भाव कडाडले, आणीबाणी आली, सरकारे बदलली, दर ४.६. लांबच्या रोख्यांसाठी गिऱ्हाइके कायद्यानेच बांधून ठेवली होती: १९९० मध्ये बँकांना ठेवींच्या साडेअडतीस टक्के रक्कम सरकारी रोख्यांसारख्या कागदांत ठेवणे भाग होते. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याने दिलेल्या भावात मत कसले असणार? देवस्थानाच्या दीडशे रुपयांचे कोडे मला इथे उलगडले. आपल्याकडे १९४२ ते १९५१ हा काळ पन्नास वर्षे चालला.

जून १९९२ मध्ये केंद्र सरकारच्या रोख्यांचा पहिला लिलाव झाला. १९९४ चा करार होऊन १९९७ च्या मार्चअखेर ती आपोआपची बिले बंद झाली. बँकांवरची सक्ती उतरत उतरत १८ टक्क्यांवर आली. रेषा हळूहळू बोलू लागली, पण अजून तिच्या आवाजात दुसऱ्याचा आवाज मिसळतो. १५ जुलै २०१३ रोजी घसरता रुपया सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने बँकांना तातडीने पैसे देण्याचा दर सव्वादहा टक्क्यांवर नेला; छोट्या मुदतीचे परतावे लांबच्यांच्या डोक्यावर गेले, रेषा ठसठशीत उलटली. भारतात मंदी आली का? नाही. ती उलटी रेषा धंद्याबद्दल काहीच सांगत नव्हती, ती रुपयाबद्दल सांगत होती. फिशरच्या तक्त्यातल्यासारखीच.

डिसेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने छोटे रोखे विकून लांबचे विकत घ्यायला सुरुवात केली. महामारीत गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी यील्ड कर्व्ह ही सार्वजनिक मालमत्तेसारखी गोष्ट असल्याचे म्हटले. लिलावांत जास्त परतावा मागणाऱ्या बोली नाकारल्या गेल्या. दहा वर्षांचा परतावा सहाच्या आसपास धरून ठेवला होता आणि २०२०-२१ ची सरासरी महागाई त्याच्या वर होती. संकटात सरकारला स्वस्त कर्ज हवे, हे खरेच. पण ‘सार्वजनिक’ या शब्दात ठेवीच्या व्याजावर घर चालवणारे निवृत्त शिक्षक आणि नर्सबाईही येतात, आणि त्या दोन वर्षांत त्यांनी जे सोसले त्याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात कर म्हणून झालेली नाही.

त्या देवस्थानाकडे आता सरकारी कागद नाहीत, बँकेच्या ठेवी आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या कारभाऱ्यांचा मला फोन आला. “अहो, हे पाहा, स्टेट बँकेच्या फलकावर चारशे दिवसांच्या ठेवीला सात पूर्णांक दहा टक्के आणि पाच वर्षांच्या ठेवीला साडेसहा. लांब ठेवणाऱ्याला कमी? छापायला चुकले काय?”

चुकले नव्हते. दर पुढे उतरणार असे बँकेला वाटत होते आणि जास्त दराचे ओझे तिला पाच वर्षे वाहायचे नव्हते. तिला कोणाची सक्ती नव्हती, म्हणून तिने ते फलकावर लिहून टाकले होते. मी त्यांना एवढे सांगितले, आणि फिशरच्या तक्त्यात दिशा बरोबर आणि माप चूक कसे निघाले तेही. कारभाऱ्यांनी विश्वस्तांपुढे विषय ठेवला. सात पूर्णांक दहा हा आकडा मोठा असल्याने सगळी रक्कम चारशे दिवसांना ठेवायचे ठरले. फेब्रुवारी, एप्रिल आणि जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून साडेपाचवर आणला. ठेवीची मुदत त्यानंतर भरली.